काचेतला विस्तव

"बटाटे किती मिनिटांत होतात ते राहू दे," मी दुकानातल्या मुलीला म्हणालो. "यातल्या कशानं घराला आग लागणार नाही, तेवढं सांग."

मुलगी हसली. तिला वाटलं, म्हातारा गमतीत बोलतोय. तिच्या शर्टावर रेश्मा असं नाव टाचलेलं होतं आणि तिच्यापुढच्या टेबलावर एअर फ्रायरची रांगच होती. तोवर मी ही वस्तू फक्त जाहिरातीत पाहिली होती, आणि ती एकाच जातीची असते असं समजून कराडच्या त्या दुकानात शिरलो होतो. इथं एका खणाचा होता, दोन खणांचा होता, कपाटासारखा काचेच्या दाराचा होता, आणि एक तर नुसता काचेचा टोप पालथा घालावा तसा होता.

"काका, घरात कोण कोण आहे?"

"मी आणि बायको."

"मग हा एका खणाचा घ्या. सगळं आत बंद. बाहेरनं हात लागला तरी भाजत न्हाई. आणि खण ओढला की आपोआप बंद पडतोय."

"आणि तो काचेच्या दाराचा?"

"त्यात जास्त मावतं. आत काय चाललंय ते दिसतं. पण काच लई तापते, काका. वयस्कर माणसांना नको."

मी खिशातून टेप काढली आणि तो एका खणाचा फ्रायर मोजला. मोजणी खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला वस्तू मोजल्याशिवाय घेता येत नाही. दोन भावांचा बांधावरचा तंटा असो की स्वयंपाकाचा ओटा, एकदा टेप लावली की निकाल लागतो, असं मी आयुष्यभर मानत आलो. ओट्यावर गॅसची शेगडी होती ती अडीच फूट जागा रिकामी पडली होती. त्यात हा सहज बसत होता.

"हाच दे," मी म्हणालो.

याला आता सहा वर्षं झाली. त्या गुरुवारी माझ्या बायकोनं, प्रमिलानं, धड जेवून अकरा दिवस झाले होते.

तिचं विसरणं त्याआधी तीन वर्षं चाललं होतं. पहिल्यांदा माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग अधूनमधून मी जाऊ लागलो. म्हणजे मी समोर असायचो, पण ती मला 'साहेब' म्हणायची. पाटणकडच्या डोंगरात तिच्या वडिलांच्या जमिनीची मोजणी करायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिच्या घरचे सगळे मला साहेब म्हणत. त्यातलंच काहीतरी तिच्यापाशी उरलं होतं. मला त्याचं फार वाईट वाटायचं नाही. नवरा झाल्यावर मिळाला त्याहून साहेब म्हणून मिळालेला मान जास्तच होता.

पण तिचे हात काही विसरले नव्हते. भाजी चिरणं, पीठ मळणं, सगळं जागच्या जागी. मीठ दोनदा पडायचं, ते मी मुकाट्यानं खायचो. वाढायची मला आधी. मी जेवल्याशिवाय ती कधी जेवली नाही. मोजणीच्या दौऱ्यावरून मी दुपारी तीनला आलो तर तीनला जेवायची, पाचला आलो तर पाचला. त्यावरून मी तिला शेकडो वेळा बोललो असेन. तिनं एकदाही ऐकलं नाही.

मग गॅसनं घात केला. एकदा दूध करपलं. एकदा शेगडीचं बटण उघडं, जाळ नाही, आणि घरभर वास. तिसऱ्यांदा तिच्या पदरानं पेट घेतला. मी बादली ओतली म्हणून मनगट भाजण्यावर निभावलं. मीनल, आमची एकुलती एक मुलगी, पुण्याहून तशीच निघून आली आणि दुसऱ्या दिवशी तिनं सिलिंडर, शेगडी, नळी, सगळं घरातून घालवलं. कनेक्शनच परत करून टाकलं. दोन्ही वेळचा डबा शेजारच्या खोतवहिनींकडून येईल अशी सोय लावली. मी माझी खाट आतल्या खोलीतून बाहेर आणली, म्हणजे प्रमिला स्वयंपाकघराकडे वळली तर मला कळावं. तिला ठेच लागू नये म्हणून आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीलगत, एक बारका पिवळा दिवा लावून ठेवला. सगळं आखून केलं. चूक काढायला जागा नव्हती, असं मला वाटत होतं.

आणि त्याच दिवसापासून तिनं जेवण सोडलं.

डबा आला की ती उघडून बघायची, झाकण लावायची आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसायची. "ते कुठायत?" असं मधूनच विचारायची. "मी इथंच आहे," असं मी म्हणालो की माझ्याकडे बघून पुन्हा दाराकडे बघायची. बांगड्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. त्याच डब्यात आधी टीव्हीचा रिमोट सापडला होता, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही. कपाळाला कुंकू नसायचं. विसरली असेल म्हणून मीच बोटानं लावायचो, आणि थोड्या वेळानं बघावं तर पुसलेलं. एकच गोष्ट ती रोज करायची. उन्हं कलली की रिकाम्या ओट्यापाशी उभी राहायची आणि शेगडीच्या जागेवरून हात फिरवायची.

पाच किलो वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, आता असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि ते घरी सांभाळणं तुमच्यानं व्हायचं नाही. मीनलनं पुण्यात अशा माणसांना ठेवून घेणाऱ्या एका केंद्रात खोली बघितली. फोनवर ती रडत होती.

"रविवारी अकरापर्यंत येते, बाबा. तोवर आई आपल्या हातानं जेवली तर मी काही बोलणार नाही. नाही जेवली तर तिला घेऊन जाते. मला दोष देऊ नका."

मी तिला दोष दिला नाही. मी टेप घेऊन दुकानात गेलो. मला वाटलं, हिला चूल हवी आहे. हिच्या हाताला काम मिळालं की हिच्या पोटाला भूक लागेल.

गुरुवारी संध्याकाळी मी फ्रायर ओट्यावर मांडला, बटाट्याच्या काचऱ्या करून द्यायला तिला बसवलं. किती भराभर केल्या तिनं. तिखट-मीठ लावलं, तेलाचा हात फिरवला. मी काचऱ्या आत घातल्या, खण सरकवला, बटण दाबलं. यंत्र घुमू लागलं.

प्रमिला वाकली. खालून बघितलं, मागून बघितलं.

"पेटवली का, साहेब?"

"पेटवली."

"मग विस्तव कुठाय?"

"आत आहे. दिसत नाही, पण आहे."

तिनं खण ओढला. यंत्र लगेच बंद पडलं, रेश्मानं सांगितलं होतं तस्संच. आत काळोख. "विझलाय," ती म्हणाली. मी खण बंद केला, पुन्हा चालू केलं. तिनं पुन्हा ओढला. "विझलाय हो." असं सात वेळा झालं. शेवटी काचऱ्या अर्ध्याकच्च्या निघाल्या. ती त्यांना शिवलीसुद्धा नाही.

शुक्रवारी जे झालं ते मी मीनलला कधी सांगितलं नाही, आज इथं लिहितोय. सकाळी मी वरण-भात कालवला आणि प्रमिलापुढं बसलो. तिनं तोंड फिरवलं. मी तिची हनुवटी धरली. ती ओठ उघडेना, तेव्हा मी बोटांनी तिचे गाल दाबून घास आत कोंबला. माझ्या बायकोच्या तोंडात, ज्या बाईनं मला चव्वेचाळीस वर्षं वाढलं तिच्या. तिनं घास बाहेर काढून हातावर धरला आणि अगदी समजुतीनं म्हणाली, "साहेब, जात नाही हो. राग मानू नका." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तिथंच उभा राहिलो. मला माझ्या हातांची शिसारी आली होती.

नळ चालू असतानाच मला धुराचा वास आला.

स्वयंपाकघरातली काडेपेटी मी कधीच काढून टाकली होती. देवघरातली माझ्या डोक्यात आली नाही. प्रमिलानं खणात वर्तमानपत्राचे बोळे घातले होते, वर कापराच्या चार वड्या, आणि काडी लावून ती फुंकर घालत होती. पद्धतशीर, तिच्या आईच्या चुलीपुढं बसावी तशी. मी ओला टॉवेल टाकला. खणाचं आतलं अस्तर सोलून निघालं आणि ओट्यावरची भिंत हातभर काळी झाली.

"विझला होता," ती म्हणाली. "पेटवत होते."

"कशाला पण?" मी ओरडलो. "तुला काय करायचंय विस्तव घेऊन?"

ती घाबरली नाही. आत जाऊन त्या दिव्यापाशी बसली. त्या दिवशी मी मीनलला फोन करून सांगणारच होतो, उद्याच ये, घेऊन जा, मला झेपत नाही. फोन हातात घेतला होता. पण नंबर लावला नाही.

शनिवारी सकाळी खोतवहिनी डबा घेऊन आल्या. भिंत बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. आत जाऊन प्रमिलापाशी दोन मिनिटं बसल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि उठल्या.

"येते हं, प्रमिलाताई."

प्रमिलानं मान वर केली. "अशा घरातनं निघताना येते म्हणू नये, बाई," ती हळूच म्हणाली. "नुसतं निघावं."

खोतवहिनी जागच्या जागी थांबल्या. "कशा घरातनं, ताई?"

"आता मला काय दिसत नाही होय? घरात चूल पेटत नाही. शेजारनं कडू घास येतोय. खाली दिवा लावून ठेवलाय. पोरगी फोनवर रडते." ती मोजून सांगावं तसं सांगत होती. "मला कोणी सांगत नाही एवढंच."

मग ती माझ्याकडे वळली.

"साहेब, तुम्ही सरकारी माणूस. तुम्ही तरी खरं सांगा. आमचे हे कुठं गेले? त्यांची खाटसुद्धा उचलली."

आमच्याकडे माणूस गेलं की घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात. माणूस गेलं त्या जागी खाली दिवा ठेवतात. भेटायला आलेली माणसं निघताना 'येतो' म्हणत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या आईच्या वेळी, वडिलांच्या वेळी हे सगळं मी केलं होतं. आणि तेरा दिवस मी हीच मांडामांड माझ्या हातानं, टेप लावून, माझ्याच घरात केली होती. सगळं विसरलेल्या त्या बाईला एवढं मात्र बरोबर वाचता आलं. ती जेवण सोडून बसली नव्हती. ती माझं सुतक धरून बसली होती.

"अगं, मी आहे," मी म्हणालो. "मी इथं आहे, प्रमिला."

"तुम्ही आहात हो," ती म्हणाली. "ते?"

खोतवहिनी पदराचा बोळा तोंडात धरून जिन्यावर गेल्या. मी पहिल्यांदा तो दिवा उपटला. मग खाट ओढत आत नेली, तिच्या खाटेला लावली. ओढताना कमरेत कळ आली. मग बसून विचार केला. गॅस परत आणणं शक्य नव्हतं. कनेक्शन गेलं होतं आणि तिच्या मनगटावरचं कातडं अजून गुलाबी होतं. मला विस्तव हवा होता, जो तिला दिसेल आणि जो तिला गाठता येणार नाही. मी जळका खण पिशवीत घातला, खोतवहिनींना तिच्यापाशी बसवलं आणि दुकानात गेलो.

"वापरलेला परत घेता येत न्हाई, काका," रेश्मा म्हणाली. तिनं खणात डोकावून बघितलं. "ह्यात काय केलंत तुम्ही?"

"परत घेऊ नकोस. दुसरा दे. ज्यात विस्तव दिसतो असा."

"काचेचा? पण मीच म्हटलं होतं ना, काच तापते."

"तापू दे. सगळे चालू करून दाखव."

ती बिचारी एकेक चालू करत गेली. मी काचेला नाक लावून, दोन्ही तळहातांचा आडोसा करून आत बघत होतो. गिऱ्हाईकं माझ्याकडे बघून हसत होती. पहिल्यात आत पांढरा दिवा लागला, दवाखान्यातल्यासारखा. तापायची तार वर पत्र्याआड. "नको." दुसऱ्यात तार दिसत होती, पण तिचा रंगच बदलेना. "नको." पालथ्या टोपाच्या त्या काचेच्या फ्रायरमध्ये लाल दिसलं, छान दिसलं, पण ते झाकणात, सगळ्यात वर.

"विस्तव वर नसतो," मी म्हणालो. "खाली लागतो."

"काका, भाजायला वरचाच चांगला असतोय."

"मला भाजायचं नाहीये गं."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग मागच्या मांडणीवरून एक जुनाट दिसणारा, काचेच्या दाराचा फ्रायर काढला. त्याला खाली दोन दांड्या होत्या आणि वर दोन. "ह्याला कोण घेत न्हाई," ती म्हणाली, "पंख्याचा आवाज करतोय जरा." तिनं बटण फिरवलं. मी छत्री उघडून डोक्यावर आणि त्या दारावर धरली, दुकानातला उजेड लागू नये म्हणून. खालच्या दांड्या आधी काळ्या होत्या. मग कडेनं तपकिरी झाल्या. मग मधून लाल होत होत टोकापर्यंत लाल झाल्या, निखारे फुलतात तशा.

त्या छत्रीखाली मी रडलो. सगळं मी रेश्माला सांगून टाकलं, त्या खोक्यांच्या मध्ये बसून, पन्नास वर्षांत कुणापाशी बोललो नसेन तसं.

"आज गाडी न्हाई," ती म्हणाली. "सकाळी साडेनवाला माणूस पाठवते. पुढं जाळी लावा, काका. न्हाईतर हात जाईल त्यांचा."

रविवारी साडेनवाला माणूस पेटी देऊन गेला. मी भांड्यांच्या मांडणीची एक लोखंडी जाळी सोडवून काचेपुढं चार बोटं अंतरावर तारेनं बांधली, एका बाजूनं मला उघडता येईल अशी. दहा वाजले. मीनलची गाडी साताऱ्याच्या पुढं आली होती. मी खिडकी लोटून घेतली, स्वयंपाकघरात अंधारं केलं, बटण फिरवलं आणि प्रमिलाला हाताला धरून आणलं.

ती दारातच थांबली. पुढं यायला तयार होईना. मग काचेआड लाल होऊ लागलं.

तिनं हात जोडले. म्हणाली, "पेटलाय की."

"पेटलाय."

"कुणी पेटवला?"

"तुझ्या घरातल्यांनी," म्हणालो.

ती भिंतीला धरून उभी राहिली. मग तिनं बटाटा मागितला. काचऱ्या केल्या, त्यातली एकच वेगळी काढली. "आधी त्याची," म्हणाली. तिच्या आईकडे चुलीत पहिला घास घालायची रीत होती, आमच्याकडेही गॅसवर ती एक दाणा टाकायची. मी जाळी बाजूला करून दार उघडलं आणि ती एकटी काचरी आत ठेवली. मग बाकीच्या. मग एक वांगं. खोतवहिनींच्या भाकरी मी तिच्या नकळत फ्रायरच्या आतल्या वरच्या खाचेत सरकवल्या. ती जाळीपुढं उभी राहून आत बघत होती, आणि तिच्या तोंडावर तो लाल उजेड पडला होता. एकदा ती आत गेली. मला वाटलं झालं, पुन्हा बसली. पण ती आली तेव्हा कपाळाला कुंकू होतं. थोडं वाकडं, पण तिनं लावलेलं.

"मला काहीबाही वाटत होतं, साहेब," ती म्हणाली. "मला कोणी सांगेना. चूल पेटली म्हणजे आहेत."

"आहेत."

तिनं ताट वाढलं. माझ्यापुढं ठेवलं. मी जेवलो, आणि इतकं चांगलं वांगं मी पुन्हा खाल्लं नाही. "आता तू बस," मी म्हणालो.

"ते येऊ देत."

"अगं, दोन घास घे. ते येतीलच."

"ते आल्याशिवाय मी बसत नाही, साहेब," तिनं सांगितलं, आणि दुसरं ताट वाढून त्यावर झाकण ठेवलं. "मोजणीला गेलेत. तुमच्याच खात्यात आहेत."

पावणेअकरा झाले होते. ताटावर झाकण होतं, आणि ती उंबऱ्याकडे तोंड करून पाटावर बसली होती. मी जिवंत झालो होतो, आता मला घरी यायचं होतं.

माझी मोजणीची खाकी पिशवी हॉलमधल्या खिळ्याला होती. निवृत्त झाल्यापासून तिथंच. त्यात टेप होती, दोन खुंट्या होत्या, एक वाळलेला लाल झेंडा होता. मी ती खांद्याला लावली, टोपी घातली, चपला घातल्या आणि प्रमिलाला म्हणालो, "बराय, मी निघतो."

"या हं, साहेब," ती बसल्या जागेवरूनच म्हणाली.

मी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. जिन्यात उभा राहिलो. बेलवर बोट ठेवलं आणि मला भीती वाटली. तेहतीस वर्षं बेल वाजवताना कधी वाटली नव्हती. हिनं दार उघडून पुन्हा 'या साहेब' म्हटलं, तर पुढं काहीच उरत नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. मीनल वर येत होती, हातात आईचे कपडे न्यायला आणलेली रिकामी बॅग.

"बाबा? बाहेर का उभे? ही पिशवी कशाला? आई कुठाय?"

"आत आहे," मी म्हणालो. "गप्प उभी राहा. मी घरी येतोय."

मी बेल वाजवली.

प्रमिलाला यायला वेळ लागला. दार उघडलं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. ती पिशवीकडे बघत होती. मग पुढं झाली, माझ्या खांद्यावरून पट्टा काढला, पिशवी आपल्या खांद्याला अडकवली, दर वेळी करायची तशी.

"किती उशीर," ती म्हणाली. "हातपाय धुवा आधी. पोरीलाही घेऊनच आलात होय शाळेतनं?"

मी हातपाय धुतले. झाकलेल्या ताटावर बसलो. पोटात जागा नव्हती, तरी जेवलो. माझा तिसरा घास झाला तेव्हा तिनं आपलं ताट ओढलं. मीनल स्वयंपाकघराच्या दारात रिकामी बॅग छातीशी धरून उभी होती. प्रमिलानं दीड भाकरी खाल्ली. मी मोजली.

पुढं एक वर्ष आणि चार महिने, तिचं जेवण आपोआप बंद होईपर्यंत, मी रोज दुपारी असा घरी येत होतो. डॉक्टर म्हणाले, काका, तुमचं वजन फार वाढलंय. मी कारण सांगितलं नाही.

त्या रविवारी मीनल संध्याकाळी एकटीच पुण्याला निघाली. दारात चपला घालताना सवयीनं म्हणाली, "येते गं आई."

मी प्रमिलाकडे बघितलं.

"ये," प्रमिला म्हणाली. "सावकाश जा."